विश्लेषण : नवा संगणक आला, पण ‘माझा’ संगणक कुठे गेला?

विंडोज १० ची मुदत संपली आणि कार्यालयांत संगणक बदलण्याची लगबग सुरू झाली. यंत्र बदलणे सोपे. त्या यंत्रावर वर्षानुवर्षे साचलेले वापरकर्त्याचे ‘प्रोफाइल’ हलवणे अवघड. पण हे काम फायली उचलून टाकण्याइतके किरकोळ समजले जाते आणि त्याची किंमत त्या खुर्चीवर बसणारा मोजतो.

नवा संगणक टेबलावर येतो. आयटी विभागाचा माणूस जुन्या यंत्रातल्या ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’मधल्या फायली पेनड्राइव्हवर घेतो, नव्यात टाकतो, ‘सगळे कॉपी केले आहे, बघून घ्या’ म्हणतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. दुसऱ्या दिवशी कर्मचारी कामाला बसतो तेव्हा प्रिंटर सापडत नाही. ईमेलखाली आपोआप येणारी सही नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड नाहीत. पिवळ्या स्टिकी नोट्सवर टिपून ठेवलेले फोन नंबर नाहीत. मराठी पत्राचा जुना मसुदा उघडावा तर अक्षरांच्या जागी इंग्रजी मुळाक्षरे आणि चिन्हांचा खच. तक्रार केली की उत्तर ठरलेले : ‘फायली तर सगळ्या आहेत ना?’ फायली असतातच. हरवलेले असते ते प्रोफाइल.

हा प्रकार गेल्या काही महिन्यांत वाढण्याचे कारण उघड आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी, पण २०१६-१७ मध्ये घेतलेली यंत्रे एकगठ्ठा बाद ठरली. एकेका कार्यालयात शे-दोनशे संगणक बदलले जात आहेत. निविदेत रॅम किती, डिस्क किती, हमी किती वर्षांची, हे सारे तपशिलाने असते. माणसाचे काम जुन्या यंत्रातून नव्यात कसे जाणार, याला फार तर ‘डेटा ट्रान्सफरसह’ एवढे दोन शब्द मिळतात.

प्रोफाइल म्हणजे नेमके काय?

विंडोजमध्ये सी ड्राइव्हवर ‘युजर्स’ नावाचे फोल्डर असते आणि त्यात त्या संगणकावर कधीही लॉगिन केलेल्या प्रत्येकाच्या नावाचे एक फोल्डर. ते त्याचे प्रोफाइल. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे त्यातले दिसणारे भाग. न दिसणारे दोन भाग अधिक महत्त्वाचे. पहिला ‘अ‍ॅपडेटा’. हे फोल्डर मुळातच लपवलेले असते आणि त्याचे तीन कप्पे असतात : रोमिंग, लोकल आणि लोकललो. ईमेलची सही, वर्डचे साचे, शब्दकोशात स्वतः भरलेले शब्द हे रोमिंगमध्ये. क्रोमचे बुकमार्क, विंडोज १० मधील स्टिकी नोट्स हे लोकलमध्ये. यातले काय कुठे ठेवायचे हे वापरकर्ता ठरवत नाही, त्या सॉफ्टवेअरचा निर्माता ठरवतो.

दुसरा भाग म्हणजे ‘एनटीयूजर डॉट डॅट’ ही एकच फाइल. विंडोजच्या रजिस्ट्रीतील त्या व्यक्तीपुरता हिस्सा या फाइलमध्ये असतो. कीबोर्ड कोणत्या भाषेचे आणि कोणत्या क्रमाने, नेटवर्कवरचा कोणता प्रिंटर जोडला आहे, ‘झेड ड्राइव्ह’ म्हणजे सर्व्हरवरचे कोणते फोल्डर, अशा बारीकसारीक हजारो नोंदी तिथे असतात. माणूस लॉगिन करतो तेव्हा ही फाइल उघडते आणि संगणक ‘त्याचा’ होतो.

पेनड्राइव्हवर जे जाते ते बहुधा दिसणारेच असते. म्हणजे घर बदलताना कपाटातल्या वस्तू नेल्या; पण गॅसचा नंबर, दूधवाल्याचे खाते आणि शेजाऱ्याकडे दिलेली किल्ली हे सगळे जुन्या पत्त्यावरच राहिले.

मग अख्खे फोल्डरच उचलले तर?

हुशार तंत्रज्ञ हाच मार्ग धरतो आणि इथे अधिक मोठा घोटाळा होतो. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक सुरक्षा क्रमांक असतो, त्याला ‘एसआयडी’ म्हणतात. जुन्या यंत्रावरचे ‘सुनीता’ आणि नव्या यंत्रावरचे ‘सुनीता’ ही दोन स्थानिक खाती माणसाला एक वाटली तरी विंडोजच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. कोणते फोल्डर कोणत्या क्रमांकाचे, याची यादी रजिस्ट्रीत वेगळी असते. फोल्डर आणून ठेवले, पण यादीत नोंद नाही, तर विंडोज त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते ‘सुनीता’च्या पुढे संगणकाचे किंवा डोमेनचे नाव किंवा ‘०००’ असे शेपूट लावून दुसरेच रिकामे फोल्डर तयार करते.

नोंद जुळवली तरी भागत नाही. एनटीयूजर फाइलच्या आत परवानग्या असतात आणि त्या जुन्या क्रमांकाच्या नावे असतात. बाहेरच्या फोल्डरची परवानगी बदलली म्हणून आतल्या बदलत नाहीत. अशा वेळी विंडोज हात झटकते आणि ‘तात्पुरत्या प्रोफाइल’ने लॉगिन करून देते. पडद्यावर तशी सूचना क्षणभर येते, ती कोणी वाचत नाही. डेस्कटॉप रिकामा दिसतो. कर्मचारी वैतागतो, पण कामाला लागतो. दिवसभराचे काम डेस्कटॉपवर ठेवतो, संध्याकाळी संगणक बंद करतो. तात्पुरते प्रोफाइल लॉग-आउट होताच पुसले जाते. दुसऱ्या दिवशी त्या कामाचा मागमूस नसतो. नेटवर्कच्या जगात काम गमावण्याचे याहून निष्ठुर प्रकार थोडेच असतील. आणि दोष येतो तो ‘तुम्ही नीट सेव्ह केले नसेल’ म्हणून कर्मचाऱ्यावरच.

राहिला प्रश्न पासवर्डचा. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये ‘डीपीएपीआय’ नावाची व्यवस्था आहे. ब्राउझर आणि इतर सॉफ्टवेअर गुपिते साठवतात ती तिच्या मदतीने कुलूपबंद करून, आणि त्या कुलपाची किल्ली वापरकर्त्याच्या लॉगिन पासवर्डशी बांधलेली असते. क्रोमचे फोल्डर जसेच्या तसे दुसऱ्या यंत्रावर नेले तर बुकमार्क येतात, कारण ती साधी मजकुराची फाइल आहे. पासवर्ड येतात ते न उघडणारे. क्रोमने जुलै २०२४ मध्ये आलेल्या १२७ व्या आवृत्तीपासून कुकीजचे कुलूप आणखी घट्ट केले. हे जाणूनबुजून आहे आणि योग्यच आहे. फोल्डर उचलून पासवर्ड मिळत असते तर पेनड्राइव्ह घेऊन फिरणारा कोणीही कोणाच्याही बँक खात्यात शिरला असता. मात्र याची दुसरी बाजू तंत्रज्ञांनाही अनेकदा ठाऊक नसते. स्थानिक खात्याचा पासवर्ड विसरला म्हणून अ‍ॅडमिनने तो बळेच बदलला, तर ही गुपिते त्याच यंत्रावरही उघडेनाशी होतात.

मराठीत काम करणाऱ्यांना फटका जास्त का?

कारण मराठी टंकलेखनाची बहुतेक जमवाजमव प्रोफाइलच्या अशा कोपऱ्यांत असते जिथे कोणी पाहत नाही. आधी कीबोर्ड. इनस्क्रिप्ट असो की मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्ये आलेला मराठी फोनेटिक, भाषेची निवड ही प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र असते. नव्या प्रोफाइलमध्ये ती पुन्हा करावी लागते. हे पाच मिनिटांचे काम, पण ज्याला फक्त ‘अमुक दोन कळा दाबल्या की मराठी येते’ एवढेच माहीत आहे त्याच्यासाठी मराठीच बंद पडलेली असते.

नंतर फॉन्ट. युनिकोड रुळून बराच काळ लोटला तरी शाळा, वकिलांची कार्यालये, छापखाने, सहकारी संस्था यांच्याकडे श्री-लिपी, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमधले दस्तऐवज ढिगांनी आहेत. त्यातली मराठी ही फॉन्टच्या रूपातच मराठी असते. आत साठवलेली असतात ती लॅटिन अक्षरांची आणि चिन्हांची स्थाने. फॉन्ट गेला की मजकुराची चिन्हावली होते. पूर्वी फॉन्ट बसवायला अ‍ॅडमिनची परवानगी लागे आणि तो सगळ्या संगणकासाठी बसे. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून फॉन्टवर दोनदा क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटले की तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो. त्याची फाइल अ‍ॅपडेटामधील ‘लोकल’ कप्प्यात जाते आणि नोंद रजिस्ट्रीत. सोय झाली खरी. पण प्रोफाइल नेटवर्कवरून फिरवणाऱ्या व्यवस्था ‘लोकल’ कप्पा नेतच नाहीत. त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर नोंद पोहोचते, फाइल मागे राहते. फॉन्ट ‘सगळ्या वापरकर्त्यांसाठी’ बसवण्याचा वेगळा पर्याय त्याच यादीत असतो. कार्यालयात तोच वापरायला हवा.

तिसरी गोष्ट कष्टाची. वर्डमध्ये ‘मआ’ टाइप केले की ‘माननीय आयुक्त’ उमटावे, अशा ऑटोकरेक्टच्या जोड्या अनुभवी टंकलेखक वर्षानुवर्षे जमवतात. मराठी मजकुरासाठी त्या ज्या फाइलमध्ये साठतात तिच्या नावात ११०२ हा आकडा असतो, कारण विंडोजने मराठीला दिलेला भाषा-क्रमांक ११०२ आहे. फाइल अगदी लहान असते. रोमिंग कप्प्यातल्या ऑफिसच्या फोल्डरमधून ती उचलून नव्या यंत्रावर त्याच जागी ठेवली की काम भागते. स्वतः शब्दकोशात भरलेली गावांची, आडनावांची, खात्यांची नावेही शेजारच्याच एका छोट्या फाइलमध्ये असतात. या दोन फायली न आणल्यामुळे एखाद्याचा टंकनाचा वेग निम्म्यावर येत असेल, तर शंभर गिगाबाइट ‘डाउनलोड्स’ कॉपी केल्याची फुशारकी काय कामाची?

‘कुठल्याही संगणकावर बसा’ हे स्वप्न कधीचे?

फार जुने. अमेरिकेतील एमआयटीने १९८३ मध्ये डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या साहाय्याने ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू केला. विद्यार्थ्याने आवारातल्या कोणत्याही यंत्रावर बसावे आणि त्याला आपल्याच फायली, आपलेच वातावरण मिळावे, ही त्यामागची कल्पना. ओळख पटवण्यासाठी तिथे जन्मलेली ‘कर्बेरॉस’ ही पद्धत विंडोज २००० पासून विंडोजच्या डोमेनमध्येही आली आणि आजही लॉगिनच्या मागे काम करते. अथेनामधली महत्त्वाची गोष्ट अशी की वापरकर्त्याच्या फायली सर्व्हरवरच राहत. समोरचे यंत्र त्या तिथून जोडून घेई. प्रत बनत नव्हती. युनिक्स आणि लिनक्सच्या प्रयोगशाळांत ‘होम’ फोल्डर नेटवर्कवरून जोडण्याची रीत अजून तीच आहे. (तिथेही नावापेक्षा क्रमांकच चालतो. दोन यंत्रांवर एकाच माणसाचा वापरकर्ता-क्रमांक वेगळा पडला की फायली परक्याच्या होतात.)

विंडोज एनटीने वेगळा रस्ता घेतला. ‘रोमिंग प्रोफाइल’ म्हणजे लॉगिन करताना प्रोफाइल सर्व्हरवरून यंत्रावर उतरवायचे आणि लॉग-आउट करताना बदललेले पुन्हा वर चढवायचे. जोडण्याऐवजी प्रत. प्रोफाइल काही मेगाबाइटचे होते तोवर हे चालून गेले. आज एखाद्याच्या डेस्कटॉपवरच पाच गिगाबाइट असतात. १०० मेगाबिटच्या जाळ्यावरून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट जातात. म्हणजे ज्या यंत्रावर तो माणूस प्रथमच बसतो आहे तिथे नुसत्या लॉगिनला पावणेसात मिनिटे, तीही कागदावर. प्रत्यक्षात हजारो बारक्या फायलींमुळे वेग त्याहून खूप खाली येतो. सकाळी दहाला तीस जणांनी प्रत्येकी दोन गिगाबाइटची प्रोफाइल मागितली, तर एक गिगाबिटच्या जोडणीवरच्या सर्व्हरला निदान आठ मिनिटे श्वास घेता येत नाही. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

दोन यंत्रांवर एकाच वेळी लॉगिन असेल तर आणखी वाईट. सेटिंग्जच्या बाबतीत जो शेवटी लॉग-आउट करतो त्याची प्रत उरते, आधीच्याचे बदल गिळले जातात. शिवाय विंडोजच्या पिढ्यांचे प्रोफाइल एकमेकांना चालत नाही. व्हिस्टापासून सर्व्हरवरच्या फोल्डरला ‘.व्ही२’ असे शेपूट लागले, २०१६ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपर्यंत ते ‘.व्ही६’ झाले. ज्या संस्थेत जुनी-नवी यंत्रे मिसळून आहेत तिथे एकाच माणसाची दोन-तीन प्रोफाइल सर्व्हरवर नांदतात आणि ‘काल केलेले सेटिंग आज नाही’ ही तक्रार रोजची होते. मूळ कल्पनेत खोट नव्हती. सगळेच उचलून न्यायचे, हा हट्ट नडला.

प्रयोगशाळेतील ‘एकसारखे’ संगणक

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत याची वेगळी आवृत्ती दिसते. एका यंत्रावर सगळे नीट बसवायचे आणि ते प्रोफाइल ‘डिफॉल्ट’वर चढवायचे, म्हणजे पुढे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तेच मिळते. विंडोज नव्या वापरकर्त्यासाठी ‘डिफॉल्ट’ फोल्डरची प्रत काढते, त्यामुळे युक्ती बिनतोड वाटते. पण वापरलेल्या प्रोफाइलमध्ये पहिल्या माणसाच्या फोल्डरचे पत्ते, त्याने उघडलेल्या फायलींची यादी, कधी त्याचे अर्धवट लॉगिनही चिकटलेले असते. ते सगळे पन्नास विद्यार्थ्यांना वारशात मिळते. म्हणूनच विंडोज ७ पासून प्रोफाइलच्या खिडकीतले ‘कॉपी टू’ बटण ‘डिफॉल्ट’ सोडून बाकी प्रोफाइलसाठी निष्क्रिय केले गेले. मायक्रोसॉफ्टचा मान्य मार्ग एकच : सिसप्रेप चालवताना ‘कॉपीप्रोफाइल’ची सूचना द्यायची. तरीही बटण जिवंत करणारी आडमार्गाची सॉफ्टवेअरे वापरली जातात. प्रयोगशाळेला खरे तर ‘मँडेटरी प्रोफाइल’ पुरते. विद्यार्थ्याने काहीही बदलले तरी लॉग-आउट होताच ते पुसले जाते आणि पुढच्याला कोरी पाटी मिळते.

मग मार्ग कोणता?

जे सतत फिरवावे लागते ते प्रोफाइलमध्ये ठेवूच नये. विंडोज २००० पासून ‘फोल्डर रिडायरेक्शन’ ही सोय आहे : डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप सर्व्हरवरच ठेवायचे, यंत्राने फक्त तिकडे बोट दाखवायचे. अथेनाचीच रीत. आता बऱ्याच ठिकाणी हे काम वनड्राइव्ह करते. त्यात एक खाच आहे. डिस्कवर जागा वाचावी म्हणून वनड्राइव्ह अनेक फायलींची फक्त खूण यंत्रावर ठेवते, मजकूर क्लाउडवर असतो. इंटरनेट नसताना अशी फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला गेल्यास ती निघत नाही आणि घाईत ते लक्षातही येत नाही. नावाशेजारी ढगाचे चिन्ह असेल तर आधी फाइल उतरवून घेणे भाग आहे.

मोठ्या संस्थांत, जिथे आभासी डेस्कटॉप चालतात तिथे, मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये विकत घेतलेले एफएसलॉजिक्स वापरले जाते. त्यात प्रत्येकाचे अख्खे प्रोफाइल सर्व्हरवरच्या एका आभासी डिस्कमध्ये राहते आणि लॉगिनच्या वेळी ती डिस्क जोडली जाते. म्हणजे तीस-पस्तीस वर्षांनी विंडोजही प्रत काढण्याकडून जोडण्याकडे आले.

पण तालुक्याच्या गावातील पतसंस्थेला किंवा पंधरा संगणकांच्या कार्यालयाला हे परवडणारे नाही, गरजेचेही नाही. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘यूएसएमटी’ हे मोफत साधन आहे. जुन्या यंत्रावर ‘स्कॅनस्टेट’, नव्यावर ‘लोडस्टेट’. एका खात्याचे सामान वेगळ्या नावाच्या, वेगळ्या डोमेनमधल्या खात्यात उतरवण्याची सोय त्यात आहे, परवानग्यांची जुळणी ते स्वतः करते. पासवर्ड आणि सॉफ्टवेअर ते नेत नाही. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात म्हणून ते टाळले जाते, ही लंगडी सबब आहे. पहिल्या यंत्राला अर्धा दिवस जाईल, दहाव्याला तेवढा जाणार नाही.

प्रोफाइल कोणाचे?

हा प्रश्न तांत्रिक नाही, म्हणून तो आयटी विभागावर सोडून चालत नाही. प्रोफाइलमध्ये तीन गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या असतात : कार्यालयाचे दस्तऐवज, माणसाचे खासगी सामान आणि निव्वळ कचरा. सगळे कॉपी करणारा तिन्ही नेतो. फक्त डेस्कटॉप कॉपी करणारा तिन्हींचा थोडाथोडा तुकडा सोडून देतो. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी अभिलेख सूचिबद्ध ठेवणे, शक्य तिथे संगणकीकृत करून जाळ्याने जोडणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात एखाद्या प्रकरणाचा अंतिम आदेश प्रणालीत असतो आणि त्यामागची टिपणे, तक्ते, मसुदे बदली होऊन गेलेल्या लिपिकाच्या डेस्कटॉपवर ‘नवीन फोल्डर (३)’ मध्ये. यंत्र भंगारात गेले की तेही गेले. कोणी मुद्दाम नष्ट केलेले नसते, त्यामुळे जबाबदारही कोणी नसतो.

याउलट टोकही तितकेच वाईट. अनेक कार्यालयांत खाते माणसाच्या नावे नसून पदाच्या नावे असते, ‘लेखा२’ किंवा ‘आवक’ असे, आणि पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. नव्याने आलेला त्याच प्रोफाइलमध्ये बसतो. ब्राउझर उघडला की आधीच्याचे वैयक्तिक ईमेल सुरूच असते, डाउनलोड्समध्ये त्याचे आधार कार्ड, मुलीच्या प्रवेशाचे कागद. अशा प्रोफाइलची प्रत नव्या यंत्रावर नेणे म्हणजे एकाचे घर दुसऱ्याला सामानासकट देणे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्या त्यासाठी संकेतस्थळांवरची संमतीची वाक्ये सुधारण्यात गुंतल्या आहेत. पण त्यांच्याच संगणकांवर सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची प्रोफाइल पडून आहेत, याकडे कोणाचे लक्ष नाही. ठरावीक दिवस न वापरलेली प्रोफाइल आपोआप काढून टाकण्याची तरतूद विंडोजच्या गट-धोरणांत फार पूर्वीपासून आहे. ती सुरू करण्यापूर्वी त्यातले कार्यालयीन कागद कोण वेगळे करणार, हे मात्र कोणीतरी ठरवावे लागते. तो अधिकार कार्यालय प्रमुखाचा आहे, पेनड्राइव्ह घेऊन आलेल्या कंत्राटी मुलाचा नाही.

बदलाच्या दिवशी काय व्हावे?

आदल्या दिवशी कर्मचाऱ्याला दहा मिनिटे मिळाली पाहिजेत, फायली आवरण्यासाठी नव्हे, तर आपण रोज काय वापरतो ते सांगण्यासाठी. कोणता प्रिंटर, कोणता सर्व्हर ड्राइव्ह, मराठी कोणत्या कीबोर्डने, कोणते फॉन्ट, ईमेलच्या जुन्या फायली कुठे, स्टिकी नोट्स आहेत का. हे कागदावर उतरले की अर्धे काम झाले. पासवर्ड त्याने स्वतः ब्राउझरच्या खात्यात जमा करावेत किंवा वहीत न लिहिता एखाद्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावेत; ते दुसऱ्या कोणी हलवू नयेत. डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असेल तर ती टोकनसोबत जाते, नव्या यंत्रावर फक्त त्याचे ड्रायव्हर लागतात. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरची माहिती बहुधा प्रोफाइलच्या बाहेर असते, तिची वेगळी विचारणा हवी. डोमेन नव्याने सुरू होत असेल, तर ‘उद्या तुमचा डेस्कटॉप रिकामा दिसेल, घाबरू नका, जुने फोल्डर तसेच आहे’ एवढे एक वाक्य आधी सांगितले तरी पुष्कळ फोन वाचतात.

नव्या यंत्रावर पहिले लॉगिन कर्मचारी आणि तंत्रज्ञ दोघांनी शेजारी बसून करावे. एक मराठी पत्र उघडावे, एक छापून पाहावे, एक ईमेल पाठवावे, संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. तात्पुरते प्रोफाइल असेल तर ते इथेच उघडे पडते. मगच ‘काम पूर्ण’च्या कागदावर सही घ्यावी. सध्या ती सही यंत्र खोक्यातून काढतानाच घेतली जाते.

आणि जुन्या यंत्राची डिस्क त्याच दिवशी फॉरमॅट करू नये. वर्षाअखेरीचे विवरणपत्र, तिमाही अहवाल अशा गोष्टी रोज लागत नाहीत. त्या राहून गेल्याचे कळायला महिना-दीड महिना लागतो. तोवर डिस्कवर नाव आणि तारीख चिकटवून ती कुलुपात ठेवावी, नंतर नीट पुसूनच भंगारात द्यावी. नव्या संगणकांच्या खरेदीच्या नस्तीत या एका नोंदीसाठी रकाना असायला हरकत नाही : जुनी डिस्क कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या तारखेपर्यंत.